दुसरं बेट

नकाशात ते बेट सापडेना
तेव्हा तन्वेशने भिंग आणलं.
बेटाहून बेटाचं नाव मोठं,
समुद्रात आडवं पडलेलं.
"एवढंच?"
एवढंच.
आपली दिवाडी तर त्या नकाशात एवढीसुद्धा नाही.

बर्फाच्या कारखान्यात नोकरी.
वामन बेतीला अठरा वर्षं हेच करत आला,
अमोनियाचे पाइप, कॉम्प्रेसर, पहाटे चारचे ट्रॉलर.
तिथेही मासळी, तिथेही उकाडा,
बर्फ सगळीकडे सारखाच वितळतो
असं तो पहिला आठवडाभर
भेटेल त्याला सांगत होता.
आता सांगत नाही.
आता रात्री उठून बांधावर जातो,
मानशीची फळी नीट बसली का बघतो.
ते काम गेली सहा वर्षं त्याचं नाही.

मी डिचोलीची.
खनिजाच्या लाल धुळीत वाढलेली,
ट्रकांच्या मागून शाळेत गेलेली.
पाण्याशी माझा संबंध विहिरीपुरता.
लग्नाच्या दिवशी नार्व्याच्या धक्क्यावर
आमचं सगळं वऱ्हाड उभं
आणि फेरीबोट पलीकडे.
बाबांनी घड्याळ बघितलं, भटजींनी बघितलं,
मुहूर्त आमच्यादेखत पाण्यावरून निघून गेला.
मग बोट आली, दोन म्हशी
आणि गवताचा एक पिकअप घेऊन.
मागून कुणीतरी म्हणालं, पोर बेटावर दिली.
आवाज असा, जसं
मला परत बघायचं ते फोटोतच.
भीती वाटते का, असं
तेव्हा कुणी विचारलं नाही.
आता सगळे विचारतात.

शिकले मी.
भरती किती चढली ते पायरीच्या शेवाळावरून.
मीठ, मेणबत्त्या, तापाचं औषध
कायम एक जादा.
शेवटची बोट चुकली तर
पलीकडे कुणाच्या दारी थांबायचं,
आणि त्या घरच्या कुत्र्याचं नाव.
ओजस्वीच्या वेळी कळा सुरू झाल्या
त्या नदीच्या बरोब्बर मध्यावर.
तांडेल कायतान माझ्याकडे बघेना,
इंजिनाकडे बघत म्हणाला,
"बाये, मातशें राव, पावलेच."
आणि पोचलो.

म्हणजे बेटावर राहायला जायचा अनुभव
या घरात मला एकटीला आहे.
वामन इथेच जन्मला.
त्याला हे बेट वाटतच नाही.

चार बॅगा, प्रत्येकी तेवीस किलो.
आमसुलं जातील, पितळेची समई जाईल,
पंप दुरुस्तीचे पाने त्याने तीनदा काढले, तीनदा भरले.
माटोळीची चौकट पाच फुटांची, ती जाणार नाही.
मग त्याने सुतळी घेतली,
चौकटीच्या चारी बाजूंनी फिरवली,
प्रत्येक कोपऱ्याला एक गाठ मारली
आणि ती सुतळी गुंडाळून
पासपोर्टच्या पाकिटात ठेवली.
लाकूड काय, तिथेही असेलच, म्हणाला.
मी काही बोलले नाही.
चवथीला तिथे काय टांगायचं
ते मलाही ठाऊक नाही.
ओजस्वीने मोबाइलवर बघून सांगितलं, नीरफणस मिळतो.
एक तरी मिळाला.

विमान मोप्याहून, म्हणून जायचं नार्व्याच्याच धक्क्यावरून.
बोटीत माणसांना तिकीट नसतं, टेम्पोला असतं.
कायतान आता निवृत्त, तरी शर्ट घालून आलेला,
नव्या तांडेलाला उगाच सूचना करत उभा.
वामन मागच्या बाजूला, कठड्याला धरून, मळारकडे तोंड.
त्याला तसंच राहू दिलं.
मी पुढे उभी राहिले,
साडीऐवजी जीन्स, पायात बूट,
धक्का जवळ येताना बघत.

तन्वेश माझ्या बाजूला.
बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला,
"आई, तिथे शेवटची बोट चुकली
तर कुणाच्या दारी थांबायचं?"

दोन महिने
शाळा, व्हिसा, पगार, डॉक्टर, सगळ्यांनी सगळं विचारलं.
हे विचारायचं राहिलं होतं.